पालेर्मोचा राजवाडा आणि त्यातलं मोझेकचं चॅपेल: वार, वेळ आणि बघण्याचा क्रम

सिसिलीहून परतलेल्या ओळखीच्यांकडून दोन तक्रारी हमखास ऐकू येतात. पहिली, "वर राजाची सोनेरी खोली आहे म्हणे, आम्हाला दाखवलीच नाही." दुसरी, "चॅपेल सुंदर आहे, पण वीस मिनिटांत संपलं." पहिली तक्रार करणारे चुकीच्या वारी गेलेले असतात, दुसरी करणारे चुकीच्या क्रमानं बघून आलेले असतात. मी स्वतः पहिल्या खेपेला दोन्ही चुका केल्या होत्या आणि तिकिटाचे पैसे दोनदा भरले. तुम्ही एकदाच भरावेत म्हणून हा लेख.

१. जायचं नेमकं कुठं, ते नक्की करा

राजवाड्याचं नाव पालात्सो देई नॉर्मान्नी. पाट्यांवर आणि नकाशांवर पालात्सो रेआले असंही लिहिलेलं असतं, वाडा एकच. चॅपेलचं, म्हणजे राजाच्या प्रार्थनागृहाचं, नाव काप्पेला पालातिना, आणि ते राजवाड्याच्या आत, पहिल्या मजल्यावर आहे. रस्त्यावरून त्याचा घुमट शोधत बसू नका, वेगळी इमारत दिसत नाही.

गोंधळ तीन ठिकाणी होतो. शोधताना नुसतं 'पॅलाटाइन चॅपेल' टाकलं की जर्मनीतल्या आखेनचं सम्राट शार्लमेनचं चॅपेलही समोर येतं, आणि त्यातही मोझेक आहे. 'पालेर्मो' हा शब्द सोबत टाका. दुसरं, पालेर्मोचं कॅथेड्रल राजवाड्यापासून पायी पाच-सात मिनिटांवर आहे. तिथं हे चॅपेल बांधणारा सिसिलीचा राजा रॉजर दुसरा आणि सम्राट फ्रेडरिक दुसरा यांच्या कबरी आहेत, पण सोनेरी भिंती नाहीत. तिसरं, येशू रॉजरच्या डोक्यावर मुकुट ठेवतोय ते प्रसिद्ध चित्र. ते राजवाड्यात नाही, मार्तोराना नावाच्या चर्चमध्ये आहे. दर वेळी कुणीतरी ते चित्र चॅपेलच्या भिंतींवर शोधत असतं आणि पहारेकऱ्याला मोबाइलवरचा फोटो दाखवून विचारत असतं. रॉजरचा प्रसिद्ध राजेशाही झगाही इथं नाही. तो पालेर्मोतच शिवला गेला, पण आज व्हिएन्नाच्या राजखजिन्यात आहे.

२. वार ठरवा. बाकी सगळं त्यानंतर

सगळ्यात जास्त लोक चुकतात ते इथंच.

हा वाडा नुसतं संग्रहालय नाही. १९४७ पासून सिसिलीच्या प्रादेशिक विधानसभेचं कामकाज याच वाड्यात चालतं. आपलं नागपूरचं हिवाळी अधिवेशन एखाद्या जुन्या वाड्यात भरत असतं आणि उरलेल्या दिवशी तोच वाडा तिकीट लावून दाखवला जात असता, तर जे झालं असतं ते इथं रोज चालू असतं. आमदार बसतात ते सभागृह, म्हणजे हर्क्युलिसचा हॉल, आणि राजाची मोझेकची खोली एकाच मजल्यावर आहेत. कामकाज साधारणपणे मंगळवार, बुधवार, गुरुवार या दिवशी असतं आणि त्या दिवशी वरचा मजला पर्यटकांना बंद असतो.

म्हणून वारांचा हिशेब असा मांडा:

शुक्रवार, शनिवार, सोमवार हे चांगले वार. चॅपेल आणि शाही दालनं दोन्ही एका फेरीत होतात.

मंगळवार ते गुरुवार चॅपेल बघता येतं, वरची दालनं नाहीत. तिकीट थोडं स्वस्त असतं, आणि नेमकी इथंच फसगत होते. स्वस्त तिकीट बघून आपण खूश होतो आणि त्यात काय नाही ते वाचत नाही. मी बुधवारी गेलो होतो. चॅपेल बघून झाल्यावर वरच्या जिन्यापाशी पोहोचलो तर दोरी बांधलेली. दोरीपलीकडच्या माणसानं खांदे उडवून एकच शब्द उच्चारला, 'पार्लामेंतो'.

रविवारी सकाळी चॅपेलमध्ये प्रार्थना असते. हे चॅपेल अजून चालतं आहे, त्यामुळे त्या वेळात ते पर्यटकांना बंद असतं. शिवाय रविवारी वाडा दुपारीच बंद होतो. एकच दिवस हातात असेल आणि तो रविवार असेल, तर उघडल्याउघडल्या आत जा आणि प्रार्थनेआधी चॅपेल उरका. दुसरा वार मिळत असेल तर रविवार टाळाच.

ख्रिसमस, ईस्टर, नववर्ष या दिवसांभोवतीच्या वेळा वेगळ्या असतात. चॅपेलमध्ये लग्नं लागतात, सरकारी समारंभही होतात. जुलैच्या १४-१५ तारखेला शहराच्या रक्षक संत रोझालियाचा मोठा उत्सव असतो. १४ तारखेच्या संध्याकाळी राजवाड्यापासून समुद्राकडे जाणाऱ्या रस्त्यावर रथाची मिरवणूक निघते आणि लक्ष्मी रोडवरच्या विसर्जनाची आठवण यावी इतकी गर्दी होते. उत्सव बघायचा असेल तर जरूर जा. राजवाडा बघायला मात्र वेगळा दिवस ठेवा.

तपासा: विमानाचं तिकीट काढण्याआधी पालेर्मोतल्या मुक्कामात शुक्रवार, शनिवार किंवा सोमवारची एक पूर्ण सकाळ येते ना, ते कॅलेंडरवर बोट ठेवून बघा. मुंबईहून पालेर्मोला थेट विमान नाही. रोम किंवा मिलानला विमान बदलून माणूस संध्याकाळी थकून पोहोचतो. त्यामुळे पोहोचायच्या दिवशी राजवाडा धरू नका.

३. तिकीट: चार ओळी वाचा, मग पैसे भरा

पर्यटकांची व्यवस्था फोंदाझिओने फेदेरिको सेकोंदो ही संस्था बघते. तिच्या स्वतःच्या संकेतस्थळावरून तिकीट काढा. मधल्या विक्रेत्यांची तिकिटं बहुतेक वेळा महाग असतात आणि 'रांग टाळा' असं त्यांवर लिहिलेलं असलं तरी सुरक्षा तपासणीची रांग कुणालाच टळत नाही.

पैसे भरण्याआधी तिकिटावर या गोष्टी बघा. 'आप्पार्तामेंती रेआली' म्हणजे शाही दालनं. हे शब्द तिकिटात आहेत का? 'उल्तिमो इंग्रेस्सो' म्हणजे शेवटच्या प्रवेशाची वेळ. ती बंद होण्याच्या वेळेच्या बरीच आधी असते, आणि बंद होण्याची वेळ पाठ करून आलेले लोक तिथंच अडकतात. 'क्यूझो' म्हणजे बंद. हा शब्द ज्या तारखेपुढे असेल ती तारीख सोडा. चौथी गोष्ट, एखादं तात्पुरतं प्रदर्शन चालू असेल तर ते तिकिटात धरलेलं असतं आणि किंमत वाढते.

सावध: भेटीच्या आदल्या संध्याकाळी संकेतस्थळ पुन्हा एकदा उघडा. विधानसभेची बैठक अचानक लागली किंवा समारंभ ठरला, तर सूचना तिथंच येते. हॉटेलवाल्याला विचारून भागत नाही. तो 'उघडं आहे' असंच सांगतो आणि ते खोटंही नसतं, वाड्याचा काही ना काही भाग उघडा असतोच.

४. कपडे आणि पिशवी

चॅपेलमध्ये खांदे आणि गुडघे झाकलेले हवेत. ऑगस्टमध्ये पालेर्मोचं ऊन आपल्या मे महिन्याची आठवण करून देतं, त्यामुळे सगळे बिनबाह्यांचे कपडे आणि अर्ध्या चड्ड्या घालून येतात आणि दारात अडतात. एक ओढणी किंवा पातळ उपरणं पिशवीत टाका, काम झालं. पुरुषांनी पूर्ण विजार घालावी. टोपी आत काढावी लागते.

पिशवी लहान ठेवा. आत जाताना विमानतळासारखं यंत्र असतं, खिशातला चाकू, कात्री असलं काही सोबत नको. तिपाई आणि सेल्फी काठी हॉटेलवरच ठेवा.

आता एक वस्तू मात्र आठवणीनं न्या. लहान दुर्बीण. पक्षिनिरीक्षणाची आठपट मोठं दाखवणारी असली तरी पुरते. तिच्याशिवाय चॅपेलचं छत म्हणजे तपकिरी नक्षी, आणि तिच्यासकट ते छत म्हणजे गाणारी, पिणारी, बुद्धिबळ खेळणारी माणसं. नऊशे वर्षांपूर्वीच्या माणसाच्या पेल्यातलं पेय बघायला दुर्बीण लागते, यात लाजण्यासारखं काही नाही.

सोबत आई-वडील असतील तर लक्षात घ्या, चॅपेल एक मजला वर आणि दालनं त्याच्याही वर आहेत. दगडी पायऱ्या रुंद आणि सोप्या आहेत, पण बऱ्याच आहेत. गुडघ्यांची अडचण असेल तर तिकीट खिडकीवरच सांगा, जिन्याच्या मध्यावर नको.

५. सकाळी दारात

वाडा बहुतेक दिवशी साडेआठला उघडतो. तुम्ही सव्वाआठला दारात असायला हवं. पालेर्मो हे बंदर आहे. क्रूझ बोटीतून उतरलेले गट छत्री उंच धरलेल्या गाइडमागे दहाच्या सुमारास पोहोचतात, आणि साधारण बत्तीस मीटर लांबीच्या चॅपेलमध्ये असे तीन गट शिरले की मुंबईची लोकल बरी वाटते.

मुख्य रेल्वे स्टेशनपासून १०९ नंबरची बस पियात्सा इंदिपेन्देन्झाला येते. विमानतळाच्या रेल्वेमार्गावर पालात्सो रेआले-ओर्लेआन्स नावाचं स्टेशन आहे, तेही वाड्याजवळच. जुन्या शहरात उतरला असाल तर व्हिया व्हित्तोरिओ एमान्वेले या सरळ रस्त्यानं समुद्राकडे पाठ करून चालत राहा. पोर्ता नुओवा ही मोठी वेस दिसली की वाडा तिला लागूनच आहे.

सावध: वाड्याला दोन बाजू आहेत. शहराकडची पियात्सा देल पार्लामेंतो आणि मागची पियात्सा इंदिपेन्देन्झा. त्या दिवशी पर्यटकांना कुठल्या बाजूनं सोडतायत ते तिकिटावर किंवा संकेतस्थळावर बघूनच बस धरा. चुकीच्या बाजूला उतरलात तर वळसा घालण्यात दहा मिनिटं जातात, आणि पहाटे उठून मिळवलेली आघाडी तिथंच संपते.

६. अंगणातून वर: इथं रेंगाळू नका

आत शिरल्यावर माक्वेदा अंगण लागतं. तिन्ही मजल्यांना कमानींचे सज्जे. छान आहे, पण परतताना बघा. आत्ता लाल संगमरवरी जिन्यानं थेट पहिल्या मजल्यावर जा.

वर पोहोचताच चॅपेलच्या बाहेरच्या भिंतीवर मोझेक दिसतात आणि लोक तिथंच थांबून पन्नास फोटो काढतात. ते रॉजरच्या काळातले नाहीत. बायबलमधला राजा डेव्हिड आणि त्याचा बंडखोर मुलगा अ‍ॅब्सलम यांची ही चित्रं १८०० च्या सुमाराची आहेत. ज्यासाठी आलात ते दाराच्या आत आहे, आणि आतली शांत मिनिटं तुम्ही बाहेर खर्च करताय.

बाहेरची एकच गोष्ट खरंच जुनी आणि बघण्यासारखी आहे. प्रवेशाजवळच्या भिंतीतली लहानशी शिळा. रॉजरनं ११४२ मध्ये पाण्यावर चालणारं घड्याळ बसवलं, त्याची ही नोंद. मजकूर तीन भाषांत: लॅटिन, ग्रीक आणि अरबी. घड्याळ गेलं, शिळा राहिली. आत तीन वेगवेगळ्या परंपरांचं काम एकाच छताखाली दिसणार आहे, त्याची ही अनुक्रमणिका समजा. दोन मिनिटं द्या आणि आत जा.

७. चॅपेलमधली पहिली पाच मिनिटं: काहीच करू नका

बाहेरच्या उन्हातून आलेल्या डोळ्यांना आत अंधारच दिसतो. माणूस लगेच मोबाइल काढतो, मोबाइल खोलीला कृत्रिमरीत्या उजळवतो आणि मग माणूस चॅपेल मोबाइलमध्येच बघत राहतो. तसं करू नका. बाजूला उभे राहा, जागा मिळाली तर बसा आणि पाच मिनिटं डोळे अंधाराला सरावू द्या.

तोवर आपण बघतोय काय ते समजून घ्या. आपल्याकडे मोझेक म्हटलं की जुन्या बिल्डिंगीतली ठिपक्याठिपक्यांची फरशी आठवते. इथला मोझेक भिंतीवरचा आणि काचेचा. काचेचा लहान चौकोनी तुकडा, त्यावर सोन्याचा वर्ख आणि वर्खावर पुन्हा काचेचा पातळ थर. असे तुकडे ओल्या चुन्यात एकेक करून बसवलेले, पण सपाट नव्हे, किंचित तिरपे. त्यामुळे प्रत्येक तुकडा उजेड वेगळ्या दिशेला फेकतो. तुम्ही जागच्या जागी उभे राहिलात तर भिंत पिवळी दिसते, हळूहळू चालू लागलात की ती हलते. घुमटाच्या आणि कमानींच्या गोलाईवर तर फारच.

तपासा: एका कमानीकडे बघत दोन पावलं डावीकडे आणि दोन उजवीकडे टाका. सोनं एका जागेवरून दुसऱ्या जागेवर पळताना दिसलं, तर तुमचे डोळे तयार आहेत. दिसलं नाही तर अजून दोन मिनिटं थांबा.

८. भिंती वाचण्याचा क्रम

'वीस मिनिटांत संपलं' म्हणणारे इथं चुकलेले असतात. ते वेदीकडे सरळ चालत जातात, येशूच्या भव्य चेहऱ्याचा फोटो काढतात, मान वर करून घुमटाचा फोटो काढतात आणि बाहेर पडतात. या भिंती पोथीसारख्या आहेत. पान कुठं सुरू होतं ते माहीत असेल तर बराच वेळ वाचता येतात.

वेदीकडे तोंड करून उभे राहा. मधला लांब भाग आणि त्याच्या दोन्ही बाजूंना खांबांच्या रांगा. खांबांच्या वर, उजव्या भिंतीवर, वेदीजवळच्या टोकाला वरच्या ओळीत गोष्ट सुरू होते. जगाची उत्पत्ती. उजेड, पाणी, झाडं, सूर्य-चंद्र, प्राणी, मग आदम. ही ओळ वेदीपासून मागे, म्हणजे दाराच्या टोकाकडे येते. तिथून समोरच्या डाव्या भिंतीवर उडी मारते आणि पुन्हा वेदीकडे जाते: निषिद्ध फळ, बागेतून हकालपट्टी, केन आणि आबेल. मग खालची ओळ, पुन्हा उजव्या भिंतीवर वेदीजवळून: नोहाची नाव, महापूर, बाबेलचा मनोरा. आणि शेवटी डाव्या भिंतीवर इसहाकचा बळी, विहिरीवरची रिबेका, याकोबची शिडी.

थोडक्यात, दोन प्रदक्षिणा, दोन्ही घड्याळाच्या काट्यांच्या दिशेनं. देवळात फिरायची सवय असलेल्या पायांना हा क्रम सांगावा लागत नाही. भिंतीकडे तोंड केलंत तर प्रत्येक ओळ डावीकडून उजवीकडे, आपल्या अक्षरांसारखीच जाते.

सावध: डाव्या भिंतीपासून सुरुवात केली तर आदम-हव्वा बागेतून हाकलले जाताना दिसतात आणि मग खूप वेळानं जन्माला येतात. एका गाइडलाच मी हे करताना ऐकलं आहे.

मधला भाग झाला की बाजूच्या अरुंद भागांत जा. इथं पॉल आणि पीटर या दोन संतांच्या गोष्टी आहेत आणि गर्दी नेहमी कमी असते. उजवीकडच्या भागात पॉल दमास्कसच्या तटावरून टोपलीत बसून निसटतो ते चित्र शोधा. आमच्या सोबतच्या सगळ्यांना एकदमच आग्र्याचे पेटारे आठवले. तिथं उभं राहून मोठ्यानं हसू मात्र नका, पहारेकरी बोटानं गप्प करतात.

आता पुढे, वेदीच्या भागाकडे, जिथपर्यंत जाऊ देतात तिथपर्यंत जा. घुमटात मधोमध येशू आणि त्याच्याभोवती आठ देवदूत. घुमटाच्या पायाशी असलेल्या लेखात ११४३ हे साल आहे. हा वेदीकडचा भाग आधीचा, रॉजरच्या काळातला, आणि मधल्या भिंतींवरची उत्पत्तीची चित्रं त्याच्या मुलाच्या, विल्यम पहिल्याच्या वेळची. फरक अक्षरांवरून ओळखता येतो. वेदीच्या भागातली नावं मुख्यतः ग्रीक, मधल्या भागातली लॅटिन.

इथं एक जागा आहे जी जवळजवळ सगळ्यांची सुटते. वेदीच्या डाव्या बाजूला उभे राहून समोर, उजव्या भिंतीकडे बघा. इजिप्तला पलायन, बाप्तिस्मा, मेलेल्या लाझारसला उठवणं, जेरुसलेममधला प्रवेश अशी दाट, लांबलचक मांडणी त्याच भिंतीवर आहे. डाव्या बाजूला उंचावर राजाची बसायची जागा होती आणि तिथून त्याला समोर दिसावं म्हणून चित्रं त्या भिंतीवर योजली, असं अभ्यासक सांगतात. ते उंच आसन आज नाही, पण तुम्ही त्याच्या खाली उभे राहू शकता. चॅपेल ज्याच्या डोळ्यांसाठी बांधलं, साधारण त्याच्याच कोनातून ते बघता येतं.

सावध: वेदीमागच्या अर्धगोल भिंतीवरची येशूखालची मेरी अठराव्या शतकातली आहे. तिचा चेहरा बाकीच्यांपेक्षा गुळगुळीत वाटला तर तुमची नजर बरोबर आहे.

बाहेर पडण्याआधी वेदीकडे पाठ करा. दुसऱ्या टोकाला राजाच्या सिंहासनाचा चौथरा आहे, आणि वर पीटर-पॉलच्या मध्ये बसलेला येशू. सगळ्यांची पाठ तिकडेच असते. पुन्हा वेदीकडे तोंड केलंत की पुढे उजव्या अंगाला प्रवचनाचा उंच ओटा आणि त्याच्याशेजारी माणसाच्या दुपटीपेक्षा उंच संगमरवरी मेणबत्तीचा खांब आहे. त्यावरची कोरलेली जनावरं मुलांना दाखवा, भिंतींना कंटाळलेली मुलं इथं पुन्हा जागी होतात. जमीनही बघा. जांभळट पोर्फिरी दगडाच्या चकत्या आणि त्यांच्याभोवती गुंफलेल्या पट्ट्या, पायाखाली असल्यामुळे कुणी बघतच नाही.

९. छत: दुर्बीण आता काढा

मधल्या भागाचं छत लाकडी आहे आणि ते मुसलमान कारागिरांनी केलं. मधमाश्यांच्या पोळ्यासारखे खाली उतरत येणारे लहान लहान कोनाडे, मध्ये आठ टोकांचे तारे, आणि प्रत्येक इंच रंगवलेला. खाली बायबल चालू आहे आणि वर अरबी लेख, वीणेसारखी वाद्यं वाजवणारे, नाचणाऱ्या बायका, पेला हातात घेतलेले सरदार, उंट, हत्ती.

मान मागे टाकून हे बघायला गेलात तर दोन मिनिटांत मान धरते. खुर्ची मिळवा, दुर्बीण धरून दोन्ही कोपरं छातीला टेकवा आणि एका कोपऱ्यातून सुरुवात करा. सगळं बघायचा हट्ट सोडा. दहा माणसं ओळखलीत तरी पुष्कळ.

मान अजिबात वळत नसेल तर एक युक्ती. मोबाइलचा सेल्फी कॅमेरा चालू करून फोन पोटाशी आडवा धरा. छत पडद्यावर आरशासारखं दिसतं आणि तुम्ही खाली बघत बघत वरचं बघता. माझ्या आईनं सगळं छत असंच बघितलं.

१०. फोटो

फ्लॅश बंद. आत शिरण्याआधीच बंद करा, कारण 'चुकून उडाला' हे तिथं दिवसातून दोनशे वेळा ऐकवलं जातं. सोन्याच्या भागावर बोट दाबून उजेडाची पट्टी खाली ओढा. मोबाइलला अंधार खपत नाही, तो सोनं पांढरट करून टाकतो. पूर्ण भिंतीपेक्षा एकेका प्रसंगाचा फोटो घ्या, घरी ओळखता येतो.

११. वरचा मजला आणि राजाची खोली

चॅपेलमधून एकदा बाहेर पडल्यावर त्याच तिकिटावर पुन्हा सोडतील असं गृहीत धरू नका. म्हणून पोट भरेपर्यंत बघा, मगच वर जा.

वर ठरावीक मार्गानं नेतात. हर्क्युलिसच्या सभागृहात खाली आमदारांची आसनं आणि वर रंगवलेले हर्क्युलिसचे पराक्रम. विरोधी पक्षाच्या डोक्यावर नेमका कुठला राक्षस येतो ते बघण्यात आमची पाच मिनिटं गेली. नंतरची व्हाइसरॉयांच्या चित्रांची, चिनी आणि पॉम्पेई पद्धतीची दालनं पटापट पार करा. ती नंतरच्या राजवटींची आहेत. वेळ साठवायचा तो रॉजरच्या खोलीसाठी.

खोली लहान आहे. खाली संगमरवर, वर सोनं. पण इथं एकही संत नाही. झाडाच्या दोन बाजूंना समोरासमोर मोर, चित्ते, सिंह, धनुष्य ताणलेले नराश्व, खजुराची झाडं. खालच्या चॅपेलइतकंच कसबी काम, पण देवाऐवजी शिकार आणि बाग. चॅपेल आधी बघितलेलं असलं तरच हा फरक अंगावर येतो. उलट क्रमानं गेलेल्यांना ही फक्त 'आणखी एक सोनेरी खोली' वाटते.

तपासा: प्रत्येक चित्र मधल्या झाडापासून दोन्हीकडे आरशासारखं सारखं आहे का? एका बाजूचा मोर नीट बघून दुसऱ्या बाजूचा तपासा. मला अजून फरक सापडलेला नाही.

ज्यांना आकाशाची आवड आहे त्यांनी पिझाना मनोरा लक्षात ठेवावा. याच वाड्याच्या मनोऱ्यावरच्या वेधशाळेतून जुझेप्पे पियात्सी यांनी १ जानेवारी १८०१ ला सेरेस हा बटुग्रह शोधला. मनोऱ्याची भेट राजवाड्याच्या साध्या तिकिटात धरू नका, आधी वेगळी चौकशी करा.

१२. बाहेर पडल्यावर

सकाळी साडेआठला आत गेलात तर साडेअकरा-बाराला बाहेर पडाल. जवळच्या मोन्रेआले गावाला जायचं असेल तर पियात्सा इंदिपेन्देन्झावरून ३८९ नंबरची बस धरा. तिथलं कॅथेड्रल रॉजरचा नातू विल्यम दुसरा यानं बांधलं. मोझेक कितीतरी पट मोठे आणि गोष्टी बऱ्याचशा त्याच. उत्पत्तीची मालिका तिथंही उजव्या भिंतीवर वेदीजवळूनच सुरू होते. सकाळी चॅपेल वाचलं असेल तर तिथं गाइड लागत नाही. मात्र दुपारी ते कॅथेड्रल काही वेळ बंद ठेवतात, ती वेळ बघूनच बसमध्ये बसा.

मधल्या वेळात जेवून घ्या. राजवाड्यापासून बाल्लारो बाजार चालत जाण्याइतका जवळ आहे. शाकाहारी असाल तर पानेल्ले मागा. चण्याच्या पिठाच्या तळलेल्या वड्या, पावात घालून, वर लिंबू. मुंबईकराला ओळख करून द्यावी लागत नाही. आरान्चिना हा तळलेला भाताचा गोळाही सगळीकडे मिळतो, पण 'आल बुर्रो' म्हणजे लोण्याचा म्हणून निर्धास्त घेऊ नका. त्यात बहुतेक वेळा डुकराच्या मांसाचा हॅम असतो. पालकाचा आहे का विचारा, आणि तोही फोडून बघूनच तोंडात टाका.